पी. पी. नंबर बदलल्याबाबत

गिरिधर वैरागडे यांच्या घरी फोन नव्हता, पण फोन नंबर होता. एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या प्रताप नगरात यात कोणाला नवल वाटायचं नाही. फोनसाठी अर्ज करून माणसं सात-आठ वर्षं वाट पाहायची आणि तोवर शेजाऱ्याचा नंबर 'पी. पी.' अशी दोन अक्षरं लावून बिनदिक्कत आपला म्हणून वापरायची. फोन शेजाऱ्याकडे वाजायचा, शेजारी हाक मारायचा, आणि आपण हातातला घास टाकून धावायचं. गिरिधररावांचा नंबर होता भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या ताराचंद भोयरांचा. बँकेत, हपिसात, सोयऱ्याधायऱ्यांच्या वह्यांत नऊ वर्षं तोच एक नंबर.

आता भोयर माणूस सोन्यासारखा, पण गळा गार्डाचा. उभी हयात रेल्वेत गार्ड म्हणून गेलेली, त्यामुळे शेवटच्या डब्यातून इंजिनापर्यंत पोचेल असा आवाज. ते नुसतं बोलावत नसत, फोनवरची अख्खी बातमी ओट्यावर उभं राहून सांगत. "गिरिधरराव, वर्ध्याहून फोन आहे. तुमच्या साळ्याले मुतखडा झाला, डॉक्टर कापाले सांगून राहिला." गिरिधरराव चपला शोधेपर्यंत सगळ्या गल्लीला मुतखड्याची लांबी-रुंदी ठाऊक झालेली असे, आणि ते फोनपाशी पोचेपर्यंत भोयरांनी साळ्याला कुळथाचं पाणी प्यायचा सल्लाही देऊन टाकलेला असे. गिरिधररावांचं प्रमोशन हुकलं ते गल्लीला त्यांच्या आधी कळलं होतं. सांत्वन करायला आलेल्या माणसांकडून त्यांना ते समजलं.

नऊ वर्षं त्यांनी सोसलं. पण आता गोष्ट लेकीची होती. सुहासिनीने आधीची तीन स्थळं चहाच्या कपबशा उचलता उचलताच नापास केली होती. भिलाईचा तिजाऱ्यांचा मुलगा पाहून गेला आणि ही पोरगी दोन दिवस काही बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी आईला म्हणाली, "त्यांचं काही कळलं का?" सुमतीबाई तिथेच समजल्या. मुलाचे वडील मधुसूदन तिजारे जाताना सांगून गेले होते की पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला फोन करून काय ते कळवतो.

हो असो की नाही, गल्लीला ते गिरिधररावांच्या आधी कळणार. समजा, नाही म्हणाले. भोयर ओट्यावर येऊन काय ओरडणार, हे त्यांना रात्रंदिवस ऐकू येऊ लागलं.

अशा वेळी देव पावावा तशी बातमी आली. गल्लीच्या टोकाला राहणारे रिटायर्ड हेडमास्तर नानाजी उमाठे यांच्या फोनचा नंबर लागला. आठ वर्षांनी. नानाजी हळू बोलणारे, दुसऱ्याच्या भानगडीत न पडणारे. गिरिधरराव पेढे नेऊन भेटले, पी. पी.ची परवानगी मिळवली, नवा नंबर लिहून आणला आणि बेत आखायला बसले.

ते पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते. नव्या कालव्यात पाणी आल्याशिवाय जुना बुजवायचा नाही, एवढं तर तिथल्या चपराशालाही कळतं. तेव्हा नानाजींचा फोन येऊ द्यायचा, दोन दिवस वाजवून पाहायचा, मग सगळ्यांना नवा नंबर कळवायचा आणि त्यानंतर महिनाभर भोयरांशी गोडीगुलाबीने राहून हळूच बाजूला व्हायचं. एक दिवससुद्धा खंड पडता कामा नये. बेत खरोखर चोख होता. फक्त तो त्यांनी बायकोला सांगितला नव्हता. बेत आखणारे पुरुष बेत मनातच ठेवतात आणि घराने तो आपोआप ओळखावा अशी त्यांची अपेक्षा असते.

रविवारी बसून त्यांनी पंचेचाळीस पोस्टकार्डं लिहिली. भाषा अर्थातच खात्याची. 'कळविण्यात येते की, आमचा सध्याचा पी. पी. दूरध्वनी क्रमांक यापुढे रद्द समजण्यात यावा. सदर क्रमांकावर दिलेला निरोप योग्य व्यक्तीस, योग्य वेळी व योग्य आवाजात मिळेल याची खात्री देता येत नाही.' खाली नवा नंबर. 'योग्य आवाजात' हे शब्द त्यांना स्वतःलाच इतके आवडले की त्यांनी ते पंचेचाळीस वेळा मोठ्या अक्षरात काढले. पत्ते घालायचं काम सुमतीबाईंचं, कारण त्यांचं अक्षर बरं. घरातली पत्त्यांची वही घ्यायची आणि पहिल्या पानापासून उतरवत जायचं.

मंगळवारी दुपारी नानाजींकडे फोन आला. काळाभोर, जड, नवाकोरा. नानाजींच्या सुनेने त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, गल्लीतल्या बायकांना बोलावून पेढा दिला. सुमतीबाई गेल्या, डोळे भरून फोन पाहिला, पेढा खाल्ला, घरी आल्या आणि कपाटावरचा कार्डांचा गठ्ठा उचलून कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकून आल्या. नवरा हपिसातून येण्याआधी काम उरकलेलं बरं, असा साधा विचार.

संध्याकाळी गिरिधरराव परस्पर नानाजींकडे गेले. रिसीव्हर कानाला लावला. आत काही नाही. दोनदा आपटून पाहिलं, तरी काही नाही. नानाजी शांतपणे म्हणाले, "त्यात अजून आवाज नाही. खांबापासून इकडे वायर यायची आहे. फोनवाले म्हणाले, वायर आली की जोडू. पंधरा दिवस लागतील, कदाचित महिना."

गिरिधरराव जरा दचकले, पण घाबरले नाहीत. उलट आपल्या दूरदृष्टीचं त्यांना कौतुकच वाटलं. कार्डं घरी आहेत, जुना नंबर शाबूत आहे, रविवारचा फोन भोयरांकडे येईल, ओरडले तर ओरडले. घरी येऊन कपाटावर हात फिरवला. हाताला धूळ लागली.

"सुमती, कार्डं कुठं आहेत?"

"टाकली की दुपारीच."

"कुठं टाकली?"

"पेटीत. अजून कुठं टाकतात?"

गिरिधरराव मटकन खाटेवर बसले. पाच वाजता पेटी उघडते आणि आता पावणेसात झाले होते. म्हणजे जुना फोन त्यांनी स्वतः रद्द करून टाकला होता आणि नवा फोन नारळ फोडून मुका बसला होता. भिलाईलाही गेलं का, हे विचारायचं धाडस त्यांना होईना. सुमतीबाईंनी न विचारताच सांगितलं की सगळ्यांना गेलं, वहीतलं एक नाव सोडलं नाही.

"वहीतलं पहिलं नाव कोणाचं आहे?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

सुमतीबाईंनी वही उघडली. पहिल्या पानावर, नऊ वर्षांपूर्वी गिरिधररावांनीच ठळक अक्षरात लिहिलेलं होतं: ताराचंद भोयर, प्रताप नगर. पुढे फोन नंबर.

"त्यांनाही टाकलं. नंबर बदलला हे त्यांना नको का कळायला? इतकी वर्षं त्यांच्याकडे जातो आपण."

पलीकडच्या घरात भोयर मोठमोठ्याने वाटाणे सोलत होते, म्हणजे सोलता सोलता बायकोला, कांताबाईंना, काहीतरी सांगत होते, आणि भिंतीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता. उद्या हा माणूस स्वतःच्या आवाजाबद्दलचं कार्ड वाचणार होता.

बुधवारी हपिसाला दांडी मारून गिरिधरराव कोपऱ्यावरच्या पानठेल्यापाशी पोस्टमनची वाट पाहत उभे राहिले. नत्थू पोस्टमन सायकल ढकलत आला तसा त्यांनी त्याला बाजूला घेतलं आणि विनवलं की भोयरांच्या नावाचं एक कार्ड आहे, ते माझंच आहे, तेवढं परत दे. नत्थूने गठ्ठ्यातून ते बरोबर काढलं. शोधावं लागलं नाही, कारण ते त्याने अगोदर वाचून ठेवलं होतं. पोस्टकार्ड वाचायचं नाही तर मग त्याला पाकीट काहून नाही घालत लोकं, असं त्याचं म्हणणं.

"काहून जी साहेब, भोयर साहेबानं असं काय केलं तुमचं?" नत्थू म्हणाला. "बरं माणूस आहे ते. आवाज मोठा आहे, हे मात्र तुमी बराबर लिहिलं."

"नत्थू, पाया पडतो तुझ्या. दे ते कार्ड."

"पेटीत पडलं का ते सरकारचं झालं. तुमी सरकारी माणूस, तुमाले मी काय सांगू?"

नत्थू गेला आणि गिरिधररावांनी पानठेल्याच्या आडून पाहिलं. भोयर ओट्यावरच होते. त्यांनी कार्ड घेतलं, चष्मा लावला. भोयर आलेलं प्रत्येक पत्र मोठ्याने वाचत. इटारसीच्या लेकीचं पत्र आलं की गल्लीतल्या बायका हातातलं काम थांबवून ऐकत. हे कार्ड मात्र त्यांनी मनातल्या मनात वाचलं. दोनदा वाचलं. मग कार्डाची घडी घालून खिशात ठेवली आणि आत गेले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर गिरिधररावांना बरं वाटलं असतं.

गुरुवारी त्यांनी तारघर गाठलं आणि भिलाईला तार ठोकली: नवा फोन बंद, जुना चालू, जुन्यावरच करा. तार म्हणजे कोणीतरी गेलं, हे त्या काळी शेंबडं पोरही सांगत असे, पण हे गिरिधररावांच्या ध्यानात तार गेल्यावर आलं. तिजाऱ्यांच्या घरी नव्वदीची म्हातारी होती. मुलगी बघायला आले तेव्हा तिजारेच म्हणाले होते, आईला जरासुद्धा धक्का सोसत नाही. आता सोयरीक तर बाजूलाच राहिली, म्हातारीच्या मरणाचं पाप डोक्यावर येतं की काय, या भीतीने त्यांना रात्रभर डोळा लागला नाही.

शनिवारी संध्याकाळी सुमतीबाईंनी त्यांना ढकलूनच भोयरांकडे पाठवलं. माफी मागायची, एवढं एकच काम. कांताबाईंनी पाणी दिलं, चहा दिला. भोयर समोर बसले होते. गिरिधरराव संत्र्यांच्या आंबिया बहाराबद्दल बोलले, उन्हाबद्दल बोलले, पुन्हा संत्र्यांवर आले. भोयर "हो" म्हणाले, "खरं आहे" म्हणाले, आणि तेही इतक्या हळू की कांताबाईंनी दोनदा वळून पाहिलं. माफीचा शब्द गिरिधररावांच्या जिभेच्या टोकापर्यंत आला आणि चहाबरोबर परत गेला. निघताना ते एवढंच म्हणाले, "उद्या दहाला एक फोन यायचा आहे, भोयर साहेब."

"आला तर आला," भोयर म्हणाले. "खात्री नाही देता येत."

गिरिधरराव घरी आले ते पार खचून. सुहासिनी दारातच उभी होती. तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला बसली. गिरिधररावांना वाटलं, हिने आपल्याला बोल लावला असता तर बरं झालं असतं. लेकीला एक मुलगा आवडला होता आणि बापाने कुशल लिपिकाच्या हाताने, पंचेचाळीस प्रतींत, तिचा रस्ता बंद केला होता.

रविवारी नऊपासूनच ते ओट्यावर खुर्ची टाकून बसले, कान पलीकडे लावून. दहा वाजले. दहा वाजून पाच मिनिटांनी भोयरांकडे फोन वाजला. तीनदा वाजला आणि उचलला गेला. गिरिधरराव उभे राहिले. एक पाय चपलेत घातला. आता हाक येईल, आता येईल. ज्या हाकेला ते नऊ वर्षं कंटाळले होते, ती ऐकायला त्यांचा जीव कासावीस झाला.

हाक आली नाही.

दोन मिनिटं गेली, पाच गेली, दहा गेली. सुमतीबाई आतून येऊन म्हणाल्या, "अहो, राँग नंबर म्हणून ठेवून तर नाही दिला त्यांनी?" गिरिधरराव म्हणाले की ठेवल्याचा आवाज आला नाही. मग इतका वेळ भोयर काय बोलून राहिले भिलाईशी? काय काय सांगून राहिले? नऊ वर्षांतला एकेक फोन त्यांना आठवायला लागला. धाकट्या भावाशी झालेली शेताच्या वाटणीची कटकट, पहिल्या स्थळाने आडून मागितलेला हुंडा आणि त्यावर आपण फोनवर दिलेली शिवी, हुकलेलं प्रमोशन. जगात एका माणसाला आपलं सगळं ठाऊक आहे, त्याच माणसाला आपण कार्डावर लिहून दुखावलं, आणि आत्ता या क्षणी तोच माणूस आपल्या लेकीच्या सासऱ्याशी बोलतो आहे.

पंधराव्या मिनिटाला त्यांच्याने राहवलं नाही. एकच चप्पल घालून ते भोयरांच्या दारात पोचले आणि उंबऱ्यावर थिजून उभे राहिले.

फोनपाशी भोयर नव्हतेच. भोयरांच्या वेताच्या खुर्चीत सुहासिनी बसली होती. रिसीव्हर कानाला, नजर खाली, ओठांवर हसू, आणि मधेच "हो," मधेच "नाही, मला नाही चालत," असं ती कोणाशी तरी बोलत होती. बापाला पाहून ती दचकली नाही. तिने फक्त हात वर करून थांबा अशी खूण केली. ब्याऐंशी सालात, साखरपुड्याच्या आधी, मुलगी मुलाशी फोनवर बोलते आहे आणि बापाला थांबवते आहे.

"इकडं या," मागच्या अंगणातून भोयरांचा दबका आवाज आला. "पोरीले बोलू द्या."

अंगणात भोयर तुळशीपाशी उभे होते, कांताबाई पायरीवर मेथी निवडत बसल्या होत्या. दोन्ही अंगणांच्या मधली भिंत एके ठिकाणी पडकी होती, तिथूनच कांताबाई गुपचूप जाऊन सुहासिनीला घेऊन आल्या होत्या. हाक मारायची नाही, असं भोयरांनी बजावलं होतं.

"म्हातारी?" गिरिधररावांच्या तोंडून पहिला शब्द हाच निघाला.

"आहे. तार पाहून रडली म्हणे खूप. वाचून दाखवल्यावर उलटी रागावली, मेलं कोणीच नाही तर तार काहून केली म्हणून." भोयर जरा थांबले. "तिजारे मात्र चिंतेत होते. मलेच विचारलं त्याईनं. म्हणे, एक कार्ड येते का या नंबरावर करू नका, दुसऱ्या दिवशी तार येते का त्या नंबरावर करू नका. ही माणसं आहेत तरी कशी? घरात काही भांडण-तंटा आहे का? नसन जमत तर आम्ही इथंच थांबतो."

"मग?" गिरिधररावांनी विचारलं.

"मंग काय. सांगतलं खरं ते. माणसं चांगली आहेत, चूक माही आहे. फोनवरचं सारं मी गल्लीले ओरडून सांगतो, नऊ वर्षं सांगून राहिलो. लेकीच्या लग्नाची गोष्ट कोणाले चावडीवर पाहिजे? म्हणून बिचाऱ्यानं नंबर बदलला. तुमी असते तं तुमीही बदलला असता." भोयर तुळशीचं वाळकं पान खुडत म्हणाले, "ते हासले. म्हणे, पोरगी पसंत आहे. मंग पोरगं फोनवर आलं, म्हणे, तिलेही विचारायचं आहे. तं म्या हिले धाडलं आणि बाहेर येऊन उभा राहिलो. कायच ऐकलं नाही. इमानानं."

या माणसाकडून गिरिधररावांनी काय काय अपेक्षिलं होतं आणि याने केलं काय. त्यांनी भोयरांचे दोन्ही हात धरले. कालपासून अडलेला माफीचा शब्द एकदाचा बाहेर आला, आणि त्याच्या मागोमाग दोन आसवंही आली. ते म्हणाले की भोयर साहेब, माझं चुकलं, घाण्याच्या बैलासारखा मी एकाच गोष्टीभोवती फिरलो. तुमचं कार्ड परत द्या, फाडून टाकतो. उमाठ्यांचा नंबर नको. उद्या सगळ्यांना पुन्हा कार्डं टाकतो.

"टाका ना," भोयर म्हणाले. "आवाज मी कमी करीन. पण फोन तिकडं नका नेऊ."

"नाही नेत. पण तुम्हाला त्रास नाही का होत? दिवसातून चार-चार फोन आमचे."

भोयर आत गेले, दाराआडून सुहासिनीचं बोलणं संपलं का ते पाहिलं आणि संपलं नव्हतं म्हणून पाय न वाजवता परत आले. मग बायकोला म्हणाले, "अवं, सांग याईले. नऊ वर्षांत या फोनवर मले किती फोन आले?"

कांताबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली.

"तीन," त्या म्हणाल्या. "त्यातले दोन राँग नंबर होते."